सीई मार्क कुणी देत नाही, आपणच लावायचा असतो

मोज्यात चेंडू घालायचा, दोरीने छताला टांगायचा आणि स्ट्रेट ड्राइव्ह घोटत बसायचं. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जर्मनीतही पोरं क्रिकेट खेळायला लागली की हाच लटकता चेंडू घरोघरी तयार होतो. दोन-चार ओळखीच्यांनी मागितला की विकायचा विचार येतो आणि मग पहिला धक्का बसतो. सीई मार्क (वस्तू युरोपच्या सुरक्षा नियमांत बसते असं सांगणारी खूण) मिळवायला माणूस ऑफिस शोधू लागतो, आणि असं ऑफिसच नाही.

तो मार्क आपणच लावायचा असतो. युरोपच्या खेळणी निर्देशानुसार (2009/48) 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेली वस्तू म्हणजे खेळणं, मग ती कारखान्यात बनो की स्वयंपाकघराच्या टेबलावर. पाचच नग केले, हाताने केले, ओळखीतच विकले, याला सूट नाही. खेळण्यांचं युरोपीय मानक (ईएन 71) पूर्ण लागू होत असेल तर तपासणी आपण करायची, धोक्यांचं विश्लेषण आपण लिहायचं, अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही आपली आणि मग किमान 5 मिलिमीटर उंचीचा सीई मार्क आपल्याच हाताने. ती फाईल 10 वर्षं जपून ठेवायची. सरकारी माणूस आधी येत नाही. नंतर येतो आणि फाईल मागतो.

आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) लायसन्स लागतं. कारखान्याची पाहणी होते, नमुने तपासले जातात, मग आयएसआय मार्क. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना मात्र सूट आहे. भारतात नियमच नाहीत, असं इथे जर्मनीत बसून म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. कारागिराची वेगळी दखल आपल्या नियमाने घेतली, इथल्या नियमाने नाही. तरीही मला इथली पद्धत भावते, हे कबूल करते. सही आपलीच असली की दोरीची प्रत्येक गाठ आपण पुन्हा ओढून बघतो.

एक फट मात्र आहे आणि बरेच जण तिथूनच निसटायला बघतात. 20 किलोपेक्षा जास्त वजनाच्या मुलांसाठीचं क्रीडासाहित्य खेळण्यात धरत नाहीत. साधारण सहा वर्षांच्या मुलाचं वजन तेवढं भरतं. मग 'ट्रेनिंग साहित्य' असं छापलं की सुटलो? नाही. रंगीबेरंगी चेंडू, खोक्यावर कार्टून आणि जाहिरातीत चिमुकली पोरं असतील तर ते खेळणंच ठरणार, नाव काहीही द्या. खरोखरच क्रीडासाहित्य असेल तर सीई लावणंच बेकायदा, आणि वर सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम (2023/988) लागतोच. त्यातही धोक्याचं विश्लेषण आणि कागदपत्रं आहेतच. म्हणजे श्रम काही वाचत नाहीत. सरळ खेळणं म्हणून करावं.

आता प्रत्यक्ष वस्तू. चेंडू कुठला? साधा टेनिसबॉल 56 ते 59.4 ग्रॅमचा, क्रिकेटचा लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. मुलांसाठी टेनिसबॉलच. पण दुकानातला टेनिसबॉल म्हणजे क्रीडासाहित्य, कुत्र्यांसाठीचा म्हणजे प्राण्यांचं सामान. दोघांसोबतही खेळण्यांचे चाचणी अहवाल येत नाहीत. खेळणं म्हणून सीई असलेला चेंडू घेतला तरी दोरी ओवायला त्याला भोक पाडल्यावर नव्या वस्तूचे उत्पादक आपणच. त्यामुळे पुरवठादाराकडून ईएन 71-3 चा अहवाल, म्हणजे रंगातून-रबरातून जड धातू किती सुटतात याचा, आधी लिहून मागावा. मऊ पीव्हीसीची नळी वापरणार असाल तर थॅलेट्सचाही (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं). मुख्य थॅलेट्सना 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. रंग बदलला की अहवाल नवा.

दोरीची लांबी ठरवताना घड्याळ लावा. 2 मीटर दोरीला एक हेलकावा जाऊन-येऊन सुमारे 2.8 सेकंद घेतो, 1 मीटरला 2 सेकंद. चेंडू जड की हलका, याने फरक पडत नाही. छोट्या मुलाला पाय हलवायला वेळ हवा, म्हणून लांब दोरी बरी.

खरी गोम फटक्याच्या वेगात आहे. 2 मीटर दोरीवर चेंडू ताशी 23 किलोमीटरपेक्षा हळू गेला तर तो दोरी जिथे टांगली त्या पातळीच्या खालीच झुलतो. 36 च्या वर गेला तर पूर्ण गोल फिरून आडव्या दांड्याला गुंडाळतो. (हवेचा अडथळा धरला तर हे आकडे थोडे वर सरकतात.) सगळ्यात वाईट मधला पट्टा. चेंडू वर चढतो, दोरी सैल पडते, तो आत कोसळतो आणि दोरी एकदम ताणली जाते. मोजे तिथे फाटतात, गाठी तिथे सुटतात, आणि चेंडू बॅट्समनच्या तोंडावर येतो तोही तिथेच. मुलाचा जपून मारलेला फटका सहज याच पट्ट्यात बसतो. म्हणून एका दोरीची वस्तू विकू नये. चेंडूखाली दुसरी, लवचीक दोरी जमिनीवरच्या वजनाला बांधावी, म्हणजे चेंडू त्या पातळीच्या वर जातच नाही. लवचीक दोरीच्या टोकाला उघडा हूक कधीही नको; निसटला तर डोळ्यावर येईल. बंद कडी, शिवलेलं टोक.

दोरी 4 मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर. ती उन्हात नायलॉनपेक्षा टिकते. झिजते ती भोकाच्या कडेला, म्हणून आत दोन्ही टोकं पसरवलेली गुळगुळीत नळी बसवावी, आत 20 मिलिमीटरचा वॉशर आणि आठाची गाठ. वरच्या टोकाला फिरती कडी, नाहीतर दोरीला पीळ बसतो. वॉशर बाहेर आला तर तो लहान भाग ठरतो: तपासणीच्या सिलिंडरचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो, त्यात जे मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जाऊ शकतं. लांब दोरी गळ्याला अडकण्याचा धोका वेगळाच. म्हणून 36 महिन्यांखालच्या मुलांसाठी नाही हा इशारा कारणासकट जर्मनमध्ये, 'आख्टुंग' (सावधान) या शब्दाने सुरू करून छापायचा. इंग्रजी चालत नाही. वस्तूवर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि बॅच क्रमांक.

कागदाचं थोडक्यात. निवास परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाची मुभा आहे का ते आधी बघा. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. नंतर व्यवसाय नोंदणी. पॅकेजिंगसाठी लूसिड या जर्मन नोंदवहीत नोंदणी, पहिल्या खोक्यापासून, शिवाय पुनर्वापर यंत्रणेशी करार. डिझाइन जपायचं असेल तर यूट्यूबवर टाकण्याआधी विचार करा: पेटंटला आपलाच व्हिडिओ आड येतो. जर्मन गेब्राउख्समुस्टरला (पेटंटचं सोपं, छोटं रूप) मात्र सहा महिन्यांची सवलत मिळते.

पहिल्या वीस नगांपैकी दोन विकू नका. एक बॅच क्रमांकासकट फाईलसोबत ठेवा. दुसरा एखाद्या दणकट मुलाला रोज शंभर फटके मारायला द्या आणि दोरी कुठे तुटली ते फोटोसकट फाईलमध्ये लावा.