चराईच्या माळावर मातीतला कार्बन मोजताना

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी सासवडच्या पुढचा एक माळ घेतला होता. तारेच्या कुंपणाआत बंद कुरण, बाहेर उघडी चराई. चराईने मातीतला कार्बन घटतो की वाढतो, एवढंच पाहायचं होतं.

नमुना ३० सेंटीमीटरपर्यंत घ्यावा असा प्रघात आहे. आपल्या माळावर बऱ्याचदा त्याआधीच मुरूम लागतो. मग माती जिथवर आहे तिथवरच घ्यायची आणि खोली वहीत लिहायची. पोलादी कडं ठोकून बसवायचं, भोवतीची माती उकरून ते अलगद काढायचं, दोन्ही तोंडं सुरीने साफ छाटायची. नंतर ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून वजन. खडे चाळून वेगळे.

हे वजन फार महत्त्वाचं आहे, कारण कड्याच्या आकारमानाने त्याला भागलं की मातीची घनता मिळते. खुरांखाली माती दबते. समजा, दोन्हीकडे सेंद्रिय कार्बन ०.८ टक्केच आहे, पण मातीची घनता आत घनसेंटीमीटरला १.२ ग्रॅम आणि बाहेर १.४ ग्रॅम आहे. वरच्या १५ सेंटीमीटरचा हिशोब केला तर आत हेक्टरी १४.४ टन आणि बाहेर १६.८ टन कार्बन येतो. वाढला काहीच नाही, तेवढ्याच खोलीत माती जास्त मावली इतकंच! म्हणून तुलना सारख्या वजनाच्या मातीची करायची. बाहेर सुमारे १३ सेंटीमीटरच धरायचे.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कार्बन मोजायला वॉकली-ब्लॅक पद्धत वापरली, १९३४ची. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून अर्धा तास ठेवायचं, मग टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत दुसरं द्रावण सोडून ते किती लागलं हे मोजायचं. गडद निळा-जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो, त्यामुळे शेवटी थेंब-थेंबच सोडावा लागतो. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीला ही पद्धत बरी, कारण चुन्यातला कार्बन ती मोजत नाही.

२०१३ साली मॅकशेरी आणि रिची या संशोधकांनी जगभरातले अभ्यास एकत्र तपासले. जास्त चराईने सी-४ (मुख्यतः उष्ण प्रदेशातल्या) गवतांच्या कुरणांत कार्बन सरासरी ६-७ टक्के वाढलेला दिसला, सी-३ (मुख्यतः थंड प्रदेशातल्या) गवतांच्या कुरणांत सुमारे १८ टक्के घटलेला. आपली मारवेल, पवन्या, कुसळी ही सगळी सी-४ गवतं. त्यामुळे चराई म्हटली की माळाची नासाडीच, हे मला सरसकट मान्य नाही. मात्र पाणवठ्याजवळ, जिथे जनावरं बारमाही उभी असतात, तिथे गवताचं मूळसुद्धा हाताला लागलं नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली ती वाड्यावरच्या एका धनगरमामांनी. मी लेंड्यांच्या खताबद्दल विचारत होते. ते म्हणाले, "पोरी, मेंढरं चरत्यात माळावर, पर रातच्याला बसत्यात शेतकऱ्याच्या रानात. लेंड्या समद्या तिकडंच." म्हणजे माळावरचं गवत पोटातून जाऊन रोज शेताचं खत होत होतं, आणि माझ्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती.

त्या रात्री 'चराई : होय/नाही' हा रकाना काढून मी तीन नवे आखले : जनावरं किती, कोणत्या महिन्यांत, आणि रात्री बसतात कुठे.