शून्य, टिंबं आणि न वाचता आलेला बिल्ला

कानाला क्रमांकाचे रंगीत बिल्ले लावलेले प्राणी किती वेळा दिसतात आणि बिनबिल्ल्याचे किती दिसतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज काढायचा, ही मार्क-रीसाइट पद्धत. आमच्या नोंदवह्यांतली माहिती ‘मार्क’ या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी मांडायचं काम माझ्याकडे आलं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे गॅरी व्हाइट यांनी तयार केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

पाहणीच्या एका फेरीत तोच प्राणी अनेकदा दिसू शकत होता, म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमधलं पॉइसॉन-लॉगनॉर्मल हे संख्याशास्त्रीय मॉडेल घेतलं. त्यात दर प्राण्याची एक ओळ आणि दर फेरीसाठी दोन अक्षरं असतात. पाचदा दिसला तर 05. क्षेत्रात असल्याचं पक्कं ठाऊक आहे पण दिसला नाही, तर +0. अजून बिल्लाच लावलेला नाही, तर दोन टिंबं. ओळीच्या शेवटी अर्धविराम. वहीत ‘दिसला नाही’ आणि ‘बिल्लाच नाही’ या दोन्हींसाठी रिकामी चौकट होती, त्यामुळे बिल्ला लावल्याच्या तारखांची यादी शेजारी ठेवून एकेक चौकट ठरवावी लागली. स्प्रेडशीट 05 चं 5 करून टाकतं. म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केला आणि अंतिम फाइल आर (R) या संगणकभाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने लिहून घेतली.

बिनबिल्ल्याचे आणि बिल्ला दिसला पण क्रमांक वाचता आला नाही असे, यांचे आकडे वेगवेगळे द्यावे लागतात. दुसऱ्यांना पहिल्यांत मिसळलं की एकूण संख्या फुगते, हे उघड आहे.

माझा खरा वेळ गेला तो ‘सांगता येत नाही’ या शेऱ्यावर. गवतात अर्धा दडलेला, एकच कान दिसलेला प्राणी कुठे मोजायचा? सरसकट गाळावं, तर त्यातही एक मेख आहे. बिल्ला नजरेला पडला की एका कानावरही निकाल लागतो. बिल्ला नाही असं म्हणायला मात्र दोन्ही कान दिसावे लागतात. म्हणजे गाळले जाणारे बहुतेक बिनबिल्ल्याचेच, आणि अंदाज खाली येतो. सुदैवाने आमच्या वहीत ‘दोन्ही कान दिसले का’ असा रकाना होता. मग मी एकच नियम दोघांनाही लावला: दोन्ही कान दिसले तरच मोजायचं, बिल्ला असो वा नसो. त्यापायी क्रमांक नीट वाचलेल्या काही नोंदीही सोडाव्या लागल्या. जीव तुटला, पण अशा सर्वेक्षणाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवेन, आणि तो रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा असंही.

फाइलमधल्या ‘नोन मार्क्स’ (ज्ञात बिल्ले) या ओळीत क्षेत्रातल्या बिल्लेधारी प्राण्यांची संख्या लागते, ती ठाऊक नसेल त्या फेरीत शून्य लिहायचं. शेवटी दर फेरीतल्या ओळखलेल्या, न वाचता आलेल्या, बिनबिल्ल्याच्या आणि गाळलेल्या नोंदींची बेरीज मूळ वहीतल्या एकूण दर्शनांशी ताडून पाहिली. ती जुळल्यावरच फाइल मार्कमध्ये उघडली.