वहीतली शून्यं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीचं पत्र आलं. त्यात विचारलंय, ‘शाळेतील आपला सर्वांत आनंदाचा अनुभव लिहावा.’ स्नेहसंमेलन, सहल, कबड्डीचे सामने हे सगळं इतर जण लिहितीलच. मला लिहायचंय ते मला कधीच न आवडलेल्या एका कामाबद्दल, आणि ते करायला लावणाऱ्या आपल्या भूगोलाच्या सरांबद्दल. कोणते सर ते सांगायला नको. ध्वजस्तंभामागचं तारेचं कुंपण ज्यांनी पाहिलंय, त्यांना सर लगेच आठवतील.

त्या कुंपणात पर्जन्यमापक होतं. शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून कुंपण सरांनी स्वतः घातलेलं. मापकाची जागा ठरवताना त्यांनी आम्हाला घेऊन लिंबाच्या झाडापासून टेपनं अंतर मोजलं होतं, कारण झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ते हवं. तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी बरोबर साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, पाण्याची कड नाही तर मधला खोलगट तळ वाचायचा आणि वहीत लिहायचं. साडेआठच का, असं एकानं विचारलं. सर म्हणाले, “सगळ्या देशात याच वेळेला वाचतात. आपण नवाला वाचलं तर आपला पाऊस कुणाच्या पावसाशी लावून बघायचा?”

1986 च्या जूनमध्ये मी नववीत गेले आणि काम माझ्या आठवड्याला आलं. आमचं घर शाळेच्या मागच्याच आळीत. शाळा अकराची, पण मला साडेआठला एकदा यायचं, परत घरी जायचं, आणि पुन्हा अकराला यायचं. त्याच वेळेला टँकर यायचा, आईची घागरींची रांग लागलेली असायची. आणि आपल्या माण तालुक्यात पाऊस तो किती! त्याच सातारा जिल्ह्यात, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि आपल्याकडं पाचशेची मारामार. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, तरणा पाऊस नाही की म्हातारा नाही. बाटली काढायची, उलटी करायची, एक थेंब नाही. वहीत लिहायचं : 0.0.

दिवसच्या दिवस शून्य. वर्गातल्या एका मुलानं आठवड्याची सगळी शून्यं शनिवारीच लिहून टाकली होती. सरांनी आरडाओरडा केला नाही. त्या ओळींवर तांबडी रेघ मारली, शेजारी ‘नोंद नाही’ असं लिहिलं आणि त्याला म्हणाले, “तू मोजलंस आणि पाऊस नव्हता, तर ते शून्य. तू मोजलंच नाहीस, तर ती मोकळी जागा. मोकळ्या जागेत शून्य घालायचं नाही.”

हे वाक्य मी पुढं किती जणींना ऐकवलं, त्याची गणती नाही. पण तिकडं येते नंतर.

गौरी जेवणाचा दिवस होता. घरात पुरण शिजत होतं, चुलत्या-आत्या आलेल्या, आणि आठवडा नेमका माझा. मी धावतपळत शाळेत गेले तर सर आधीच कट्ट्यावर बसलेले. सणाचं पोर येईल-न येईल म्हणून ते आपणहून आले होते. बाटली मी काढली. कोरडी. लिहिलं. सरांनी सही केली. माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, तुम्हाला आवडतं का हो हे?”

मला वाटलं, आता ते निसर्गाचा अभ्यास, विज्ञानाची गोडी असं काही सांगणार. सर म्हणाले, “नाही गं पोरी. मला सकाळी निवांत चहा पीत पेपर वाचायला आवडतं. पण हे आवडेल तेव्हा करू म्हटलं, तर वहीला भोकं पडतील.”

एवढंच. मग म्हणाले, “जा, पुरणपोळी गार होईल.”

त्या वयात मोठ्या माणसानं इतकं खरं सांगितलेलं मी आधी ऐकलं नव्हतं. ‘करत राहा, गोडी लागेल’ असं सगळे सांगायचे. सरांनी गोडीचं आमिष कधी दाखवलं नाही. मला ते काम नववीत आवडलं नाही, दहावीतही आवडलं नाही. 1987 साल तर देशभर दुष्काळाचं. आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. संध्याकाळी तिच्या हाताला खोबरेल लावताना मी सरांचं बोलणं सांगितलं, तर ती म्हणाली, “खरं बोलला मास्तर. खडी फोडायला कुणाला आवडतंय? पण शनवारच्या हजेरीला नाव लागाय पाहिजे.” 

सरांची आणखी एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी, नाहीतर ते नुसते कडक शिस्तीचे होते असा समज होईल. आपल्याकडं वर्ग झाडायच्या मुली आणि बाकं उचलायची मुलं, हा रिवाज होता. सरांनी आमच्या वर्गाची यादी केली तिच्यात झाडण्यासाठी एक दिवस मुलगा, एक दिवस मुलगी. मुतारी धुण्याच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव होतं, आणि त्यांच्या पाळीला ते खरंच बादली घेऊन यायचे. काही पालकांनी तक्रार केली, आमच्या पोराला झाडू का देता म्हणून. सर त्यांना म्हणाले, “नावडतं काम सगळ्यांनी वाटून घेतलं तर ती शिस्त. एकीच्याच गळ्यात घातलं तर तो जुलूम.” मनाविरुद्धचं सगळंच मुकाट्यानं सोसावं असं सरांनी आम्हाला शिकवलं नाही. मुलीनं सोसावं असं तर मुळीच नाही. दहावीनंतर माझ्या शिक्षणाला घरातून नकार आला तेव्हा ओसरीवर येऊन वडिलांशी वाद घालणारे तेच होते. तो वाद झाला नसता तर मी नर्सिंगला गेले नसते.

सप्टेंबरात एका रात्री मात्र हस्त कोसळला. सकाळी बाटली जड लागली तेव्हा हातच थरथरले. 38.4 मिलिमीटर. सरांनी भूगोलाच्या तासाला त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या पत्र्याच्या तीन खोल्या 20 मीटर लांब, 6 मीटर रुंद. म्हणजे 120 चौरस मीटर. त्या एका रात्रीत नुसत्या पत्र्यावर 4,608 लिटर पडलं. पंधरा लिटरची घागर धरली तर तीनशेच्या वर घागरी. वर्गात एकदम शांतता पसरली. तीनशे घागरी म्हणजे काय, हे टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. आणि मागच्या पानांवरची शून्यं खरी होती म्हणूनच त्या आकड्याला वजन होतं.

मी आज पुण्यात एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडं गंभीर पेशंटची लघवी दर तासाला मोजतात. रात्री तीनला खाली वाकायचं, पिशवीचं माप डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचं, चार्टवर लिहायचं. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण 30 मिलिलिटर तरी व्हायला हवी. त्याखाली जाऊ लागली की मूत्रपिंडं अडचणीत आहेत किंवा रक्तदाब पुरत नाही, अशी शंका घ्यायची. दोन तास शून्य दिसलं तर आधी नळी कुठं दुमडली नाही ना ते बघायचं आणि लागलीच डॉक्टरांना उठवायचं. या कामात आनंद वाटण्यासारखं काही नाही, आणि नवीन मुलींना मी तसं सांगतही नाही. एखादीनं रकाना मोकळा सोडला की सरांचंच वाक्य तोंडात येतं. मोकळा रकाना आणि शून्य यांच्यामध्ये एखाद्याचा जीव असतो. 2020 मध्ये पीपीई किट घालून घामानं निथळत सहा-सहा तास उभं राहताना कुणी कुणाला ‘आवडतं का’ विचारलं नाही. पाळ्या मात्र आम्ही अगदी समान वाटून घेतल्या, सीनियर-ज्युनियर न बघता. ती यादी करताना माझ्या डोळ्यांसमोर सरांची यादी होती.

हल्ली शाळांच्या जाहिरातींत प्रत्येक गोष्ट ‘मजेत’ शिकवू असं लिहिलेलं असतं. मुलांना आनंद मिळावा, मलाही वाटतं. पण मजा आली नाही की काम सोडून द्यायची मुभा आहे, असं ज्याला लहानपणी वाटलं, त्याला पुढं आजारी आईबापांची उशा-पायथ्याची कामं कशी जमणार, ही काळजी मला खरोखर लागते. माझ्या वॉर्डात नातेवाईक येतात, पेशंटवर त्यांचं प्रेम असतं, पण भांडं उचलायची वेळ आली की बाहेर जातात. प्रेम कमी असतं असं नाही, सवय नसते.

मागच्या वर्षी गावी आले तेव्हा शाळेत डोकावले. ध्वजस्तंभामागं पेव्हर ब्लॉक बसवलेत, कुंपण गेलं, मापकाचा पत्ता नाही. आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर नोंद झाली की अतिवृष्टी धरतात, त्यावरून शेतकऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे होतात. चांगलीच सोय आहे. पण आपल्याकडं ढग एका शिवारात पडतो आणि ओढ्यापलीकडं धूळ उडते. मंडळाचा आकडा आपल्या वाडीचा असेलच असं नाही, म्हणून शाळेची नोंद आजही उपयोगाची आहे.

सर आता नाहीत. त्यांच्या नावानं शाळेला नवं पर्जन्यमापक आणि मोजपात्र द्यायची माझी तयारी आहे. खर्च, कुंपण सगळं माझ्याकडं. मुख्याध्यापकांना दोन विनंत्या. जुन्या नोंदवह्या भूगोलाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होत्या, त्या रद्दीत गेल्या नसतील तर कृपया शोधाव्यात. आणि सकाळी साडेआठच्या कामाची यादी लावताना एक आठवडा मुलगा, एक आठवडा मुलगी, आणि सुट्टीच्या दिवसांसाठी एका शिक्षकाचं नाव, अशीच लावावी.