आमची वाटचाल : आधी ट्रान्सड्युसर, मग पडदा

आमचं दुकान मालवणात. बाबांनी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीसाठी काढलं. खाऱ्या हवेने सोल्डरचे जोड लवकर हिरवे पडायचे, त्यामुळे एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा यायचंच. आजही आमचं निम्मं काम तेच आहे, फक्त रेडिओच्या जागी होडीवरची यंत्रं आली, विशेषतः पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारा फिशफाइंडर.

ती आली जीपीएसमुळे. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेला घोळ बंद केला. तोवर यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं, नंतर ते दहा-वीस मीटरवर आलं. समुद्रात हा फरक मोठा असतो, कारण शंभर मीटर इकडेतिकडे झालं की खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, हुकतं. पुढच्या काही वर्षांत तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्यांच्या, हातात छोटे जीपीएस दिसू लागले. अमक्या डोंगराच्या रेषेत तमकं देऊळ आलं की खाली खडप, ही खुणांची विद्या त्यांच्यापाशी होतीच. ती आकड्यांत साठवून ठेवायची सोय झाली. त्या संचांत पाणी शिरलं की ते आमच्या टेबलावर यायचे.

तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढले तेव्हा धंद्याला दुसरं वळण लागलं. स्कूबाच्या होड्या आल्या, डॉल्फिन दाखवणाऱ्या आल्या. त्यांच्या मागोमाग कोल्हापूर, बेळगाव, पुण्याची हौशी मंडळी आपल्या फायबरच्या होड्या आणि आउटबोर्ड इंजिनं घेऊन गळाने मासे पकडायला येऊ लागली. या लोकांकडे खुणा नव्हत्या. पैसे मात्र होते, आणि सगळ्यांना फिशफाइंडरचा पडदा मोठा हवा होता.

तिथून आमची भूमिका ठरली आणि ती अजून बदललेली नाही. दुकानात कोणी नऊ इंची पडद्याचं चित्र मोबाइलवर दाखवत आला की आम्ही आधी विचारतो, होडी कुठे नेता? किती खोल पाण्यात? तळ फायबरचा की लाकडाचा? मागे इंजिन एक की दोन? या उत्तरांवरून ट्रान्सड्युसर ठरतो, आणि उरलेल्या पैशांत पडदा. गिऱ्हाईक बहुतेक वेळा उलट्या क्रमाने विचार करून आलेलं असतं. काही जण आमचं ऐकून नाराज होतात आणि ऑनलाइन मागवतात. त्यातले बरेच बसवून घ्यायला आमच्याकडेच येतात, ही गोष्ट वेगळी.

ट्रान्सड्युसर म्हणजे होडीच्या बुडाशी बसणारा तो छोटा काळा तुकडा. तो पाण्यात आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे २० मीटर खोलीवर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग लागतो. १९४८ मध्ये जपानात फुरुनो बंधूंनी मच्छीमारांसाठी पहिलं व्यवहारात चालणारं यंत्र आणलं, तेव्हाही तत्त्व हेच होतं. आज रंगीत पडदे आले, चर्प आला, म्हणजे एकाच सुराऐवजी खालपासून वरपर्यंत सरकणारा सूर. त्याने जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात, आणि तो थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा असं आमचं मत आहे. पण बुडाशी बसलेल्या तुकड्याला नीट ऐकू आलं नाही, तर वरचा पडदा काय दाखवणार?

आता खोलीचं. ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो आणि रुंद पसरतो, २०० किलोहर्ट्झचा फार खोल जात नाही पण बारकावे दाखवतो. आमच्या किनाऱ्यालगत हौशी होड्या जिथे फिरतात तिथे पाणी वीस-तीस मीटरच्या आसपास. तिथे २०० पुरतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेपर्यंत जाणारा असेल तर गोष्ट निराळी, पण असा गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचित येतो. बाकीच्यांना एक किलोवॉटचा ट्रान्सड्युसर विकणं म्हणजे विहिरीचं पाणी काढायला धरणाचा पंप बसवणं.

आणखी एक समजूत आम्ही बिल करण्याआधीच दूर करतो. यंत्र चहूबाजूंनी पाहत नाही. साध्या ट्रान्सड्युसरचा वीस अंशांचा शंकू धरला तर २० मीटर खोलीवर तळाचं जेमतेम सात मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं, ५ मीटरवर दोन मीटरही नाही. बाजूला मासा असला तरी तो पडद्यावर येत नाही. पडद्यावर दिसणारी कमान हा माशाचा आकार नव्हे. होडी माशावरून जाताना अंतर आधी कमी होतं, मग वाढतं, त्याची ती रेघ असते.

“ह्यात सुरमय दिसतली मा?” हा प्रश्न रोजचा. प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, आणि सुरमईला ती पिशवीच नसते. तांबोशी, गोब्रा ठसठशीत उमटतात. सुरमई त्यांच्यापुढे फिकी. म्हणून सुरमईवाल्याला आम्ही सांगतो, ती ज्यांच्या मागे असते त्या छोट्या पेडव्यांचा थवा शोधा आणि त्याच्या कडेने गळ ओढा. हे जुन्या तांडेलांना यंत्राशिवाय माहीत आहे. शिवाय हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळीच्या संभाव्य जागा कळवते, तीही फुकट. ती पाहायची सवय आम्ही गिऱ्हाइकांना लावतो, यात आमचा काही नफा नाही.

बसवण्याचं काम मी आणि माझा मेहुणा करतो. ट्रान्सड्युसर मागच्या बाजूला, इंजिनाच्या पंख्यापासून हातभर दूर, आणि शक्यतो त्या बाजूला जिथे पंख्याची पाती वरून खाली येतात. बुडबुड्यांत गेला तर वेग घेताच पडद्यावर नुसतं बर्फ पडतं. होडीला भोक नको असेल तर आतून तळाला चिकटवता येतो, पण तळ भरीव फायबरचा हवा. आत फोम किंवा लाकूड असेल तर आवाज तिथेच मरतो. वायर कथिलाचा मुलामा असलेलीच वापरतो. घराच्या फिटिंगची वायर वर्षभरात आतून काळी पडते आणि दोष मात्र यंत्राला लागतो. यंत्राची बॅटरी इंजिन सुरू करायच्या बॅटरीपासून वेगळी ठेवतो, नाहीतर चावी फिरवली की पडदा बंद पडून पुन्हा सुरू होतो. आणि हो, पडदा घेण्याआधी तुमचा पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काही पडदे त्यातून एका कोनात काळेठिक्कर दिसतात.

चार्टप्लॉटरच्या, म्हणजे समुद्राच्या नकाशावर होडीची जागा दाखवणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत आमचा सूर जरा कडक असतो. भारतीय समुद्राचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करतं. त्यांतली खोली ओहोटीच्या खालच्या पातळीपासून धरलेली असते. पडद्यावर बोटांनी नकाशा कितीही मोठा केला तरी मूळ मोजणीत नसलेलं खडप त्यात उगवत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात हे विसरून चालत नाही. पाणी उथळ झालं की वाजणारा खोलीचा भोंगाही फक्त होडीखालचं सांगतो, पुढचं नाही. म्हणून नव्या होडीवाल्याला आम्ही उधाणाच्या ओहोटीला, लख्ख उन्हात, माहितगार तांडेलाबरोबर एक फेरी मारायला लावतो आणि तो मार्ग यंत्रात नोंदवून ठेवतो. पुढे बाहेर पडताना आणि परतताना त्याच रेघेवरून. “खडपां खंय आसत ती आमकां ठावक आसत,” असं म्हणणाऱ्या आमच्याच माणसांनीही आता अंधारात परतायला ही रेघ ठेवली आहे.

गेल्या काही वर्षांत अमेरिका-आखातातल्या नातेवाइकांकडून यंत्रं मागवायची रीत पडली. स्वस्त मिळतं खरं, पण त्यात बहुतेकदा तिकडचा नकाशा भरलेला असतो, इकडचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं. वॉरंटी इथे चालेलच असं नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं मात्र कृपा करून आणू नका. परवानगीशिवाय ती बाळगणं भारतात बेकायदा आहे आणि विमानतळावरच अडकायला होतं. होडीवरून बोलायच्या व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो. तो काढून घ्यायला आम्ही मदत करतो, कारण संकटाच्या हाकेचा चॅनल १६ ऐकणारा रेडिओ हा कुठल्याही फिशफाइंडरपेक्षा आधी घ्यायचा असतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आम्ही प्रत्येक होडीत सुकाणूजवळ चिकटवून देतो.

सध्या मागणी आहे ती मासा हलताना दाखवणाऱ्या लाइव्ह सोनारची. खाडीत चोणक माशाच्या मागे लागणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. उघड्या समुद्रात, लाटांवर हलणाऱ्या होडीत, त्या किमतीला तो आम्ही अजून कोणाला सुचवत नाही. मागितला तर आणून देतो.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि बुडाशी काम करायला तेव्हाच सोयीचं पडतं. ट्रान्सड्युसरवरचं शेवाळ आणि शिंपल्यांचा थर मऊ कापडाने काढतो, खरवडत नाही. जोड उघडून तपासतो. नवीन यंत्र बसवायचं असेल तर जूनमध्येच होडीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि इंजिनाचा तपशील पाठवा. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर आलात तर रांग असते.