महजराचे वाचन, तिसरा महिना: ‘थळ’ लागले

पाटीलकीचा महजर, म्हणजे सभेने साक्षींसह लिहून दिलेला निवाड्याचा जुना मोडी कागद, अखेर शेवटच्या साक्षीपर्यंत वाचून लागला. मधल्या चार ओळी वाळवीने खाल्ल्या आहेत, त्या सोडल्या.

आधी माझी चूक सांगतो. साल मी ‘इसन्ने अशर मया अलफ’ (अरबी अंकशब्द: दोन, दहा, शंभर, हजार) वाचले होते. म्हणजे शुहूर सन (तेव्हाच्या कागदांतली कालगणना) १११२, त्यात ५९९ मिळवले की इसवी १७११-१२. पण सोबतच्या आज्ञापत्राच्या शिक्क्यात ‘बाजीराव बल्लाळ’ स्वच्छ दिसते, आणि त्यांना पेशवेपद मिळाले १७२० साली. पुन्हा भिंग लावले. बोरूचा फराटा समजून सोडलेले अक्षर ‘अशर’चे ‘अशरीन’ करत होते. बारा नव्हे, बावीस. शुहूर ११२२, म्हणजे १७२१-२२. महिनाभर मी दहा वर्षे आधीच्या काळावर तर्क रचत बसलो होतो. सालाचा ताळा शिक्क्याशी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

तंटा वडीलपणाचा, म्हणजे पाटीलकीत पहिला मान कोणत्या घराचा याचा. मोगलाईच्या धामधुमीत थोरले घर परागंदा झाले, धाकट्याने गाव सांभाळला, वसूल दिला, नांगर उठवला. शाहू महाराज दक्षिणेत परतल्यावर असे कितीतरी वतनदार माघारी आले आणि आपापल्या गावी हक्क मागू लागले. थोरल्याने पोळ्याचा मान मागितला, धाकट्याने नाकारला. दोघांचे करीने, म्हणजे लेखी कैफियती, वाचताना मला धाकट्याचेही दुःख तितकेच खरे वाटले. पडत्या काळात गावाला धरून राहिला तो तोच.

आता ते अडलेले अक्षर. मोडीत शब्द तोडत नाहीत, सगळी ओळ एका रेघेला लटकलेली, त्यामुळे ‘दुसरेथळदेविले’ हे मी ‘दुसरे फळ’ वाचत होतो. ते ‘थळ’ आहे, निवाड्याची जागा. आणि हा शब्द लागताच सगळा कागद उलगडला. गावच्या गोताने, म्हणजे निवाडा करणाऱ्या गावसभेने, धाकट्याच्या बाजूने कौल दिला होता. थोरला साताऱ्याला हुजूर, म्हणजे शाहू महाराजांकडे, गेला, गोत पक्ष धरते अशी फिर्याद केली. महाराजांनी स्वतः निवाडा केला नाही, दुसऱ्या गावचे थळ नेमून दिले! तिथल्या पाटील-कुलकर्ण्यांनी, बलुतेदारांनी आणि देशमुख-देशपांड्यांनी नव्याने ऐकले. हुजुराकडे दाद मागायची ती बहुतेक अशा तटस्थ जागेसाठी, असे मला आता वाटते.

सुनावणीआधी दोघांनी राजीनामा लिहून दिला. आज या शब्दाने नोकरी सुटते, तेव्हा त्याचा अर्थ ‘निवाडा होईल त्यास राजी’ असा होता. धाकट्याने रवादिव्य, म्हणजे खरेपणाची दैवी कसोटी, मागितले होते, उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायला तो तयार होता. सभेने ते दिले नाही. साक्षी मिळत असताना दिव्य कशाला, हा जुना दंडकच.

वडीलपण थोरल्याला गेले, धाकट्याला तक्षीम, म्हणजे वाटा, मिळाली. थोरल्याकडून हरकी (जिंकणाऱ्याने सरकारात भरायची रक्कम), धाकट्याकडून यजितपत्र (हरल्याची लेखी कबुली). हरकीचा आकडा वाळवीच्या ओळीत गेला, त्याची हळहळ वाटते.

पुढच्या आठवड्यात निशाण्या, म्हणजे सहीऐवजी काढलेली चिन्हे, घेतो. कागदाच्या तळाशी दोन नांगर काढलेले आहेत, एकाखाली एक. वरचा कुणाचा ते अजून निश्चित झालेले नाही, शेजारची दोन अक्षरे फार फिकट आहेत. कुणाकडे त्याच सुमाराच्या पाटलांच्या निशाण्यांचे फोटो असतील तर ताडून पाहू.