ऱ्हाईनकाठी, हिल्डेगार्डच्या गावी

जर्मनीतल्या बिंगेनच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली आणि थोड्याच वेळात रुडेसहाइमला लागली. संत हिल्डेगार्ड या ख्रिस्ती जोगिणीने ११६५च्या सुमारास या काठावर, आयबिंगेनला, आपला दुसरा मठ काढला. तेव्हा तिची सत्तरी जवळ आलेली, तरी आठवड्यातून दोनदा ती नदी पार करून यायची, असं तिच्या चरित्रात आहे.

द्राक्षमळ्यांच्या कडेने चढत आधी आयबिंगेनचं चर्च गाठलं. तिथे सोनेरी पेटीत तिच्या अस्थी आहेत. समोर एक आजी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. मीही मागच्या बाकावर टेकले.

१०९८चा तिचा जन्म. लहानपणापासून दृष्टान्त होत, पण बेचाळीस वर्षांची होईतो ती त्याबद्दल फारसं बोलली नाही. मग ‘दिसतं ते लिही’ असा आदेश झाला. दृष्टान्तांचे ग्रंथ, वनौषधी, गीतं, पोपला आणि सम्राट बार्बारोसाला खडसावणारी पत्रं, सगळं त्यानंतरचं. लोक तिला संदेष्ट्री मानू लागले.

मला इथवर आणलं ते मात्र ११७८च्या एका प्रसंगाने. बिंगेनजवळच्या तिच्या रुपर्ट्सबर्ग मठात एका सरदाराचं दफन झालं होतं. तो एके काळी चर्चमधून बहिष्कृत होता, पण मरणापूर्वी त्याला क्षमा मिळालेली. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी फर्मावलं, प्रेत उकरून बाहेर काढा. हिल्डेगार्डने नकार दिला. शिक्षा काय, तर मठात गायन बंद. प्रार्थना दारं लावून हळू आवाजात फक्त वाचायची. वारकऱ्याच्या हातून टाळ काढून घ्यावा, तसंच हे. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने उत्तर धाडलं: गाणं म्हणजे आदामाच्या स्वर्गातल्या आवाजाची आठवण आहे, आणि विनाकारण ते बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातल्या स्तुतिगानात जागा नाही. ११७९च्या मार्चमध्ये बंदी उठली. १७ सप्टेंबरला ती गेली. चर्चने तिला अधिकृतपणे संत म्हणायला २०१२ साल उजाडलं, याचं मला वाईट वाटतं.

रुपर्ट्सबर्ग १६३२मध्ये स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला. आयबिंगेनचा आताचा मठ १९०४चा, मळ्यांच्या वर. दुकानात भगिनींच्या मळ्यातली वाइन होती, आणि हिल्डेगार्डच्या आवडत्या डिंकेल गव्हाची बिस्किटं. डिंकेल म्हणजे आपल्या खपलीच्या जवळचा, टरफलाचा गहू. पुडा घेतला तोवर सायंप्रार्थनेची घंटा झाली. काळ्या झग्यातल्या भगिनी रांगेने आल्या, वाकल्या. एका थकलेल्या, किंचित कापऱ्या आवाजाने सूर लावला आणि बाकीच्यांनी तो उचलला.