झेंडा उतरताना काय?

सकाळी दोन ठिकाणचे मेमरी बॅरिअर, म्हणजे प्रोसेसरला वाचण्या-लिहिण्याचा क्रम बदलू न देणारे अडसर, काढायचे म्हणून बसले. संध्याकाळी त्यातलं एकच ठिकाण माझ्या पॅचमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या संचात, उरलं होतं. जे गळलं त्याने माझा सगळा दिवस खाल्ला, आणि लिहायचंय ते त्याच्याबद्दलच.

आमच्या टीमकडे एआरएम प्रोसेसरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम आहे. फाइल उघडली की प्रोग्रामला एक आकडा मिळतो, फाइल डिस्क्रिप्टर. तो आकडा म्हणजे कर्नलमधल्या एका टेबलातला खण. त्या खणात फाइलचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ठेवण्याचं काम एफडी-इन्स्टॉल हे फंक्शन करतं. सुरुवातीला टेबलात ६४ खण असतात. ते भरले की मोठं टेबल बनवून जुन्यातलं सगळं नव्यात उतरवतात. नेमक्या त्याच वेळी दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये सोबतीने चालणारं दुसरं काम) जुन्या टेबलात काही ठेवून गेला, तर ते हरवणार. म्हणून पूर्वी दर वेळी लॉक घ्यायचे, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत. २०१५ मध्ये नेहमीच्या वाटेवरचं ते लॉक काढलं आणि त्याजागी 'टेबल वाढतंय' असा एक झेंडा आला. झेंडा वर दिसला तर लॉकच्या वाटेने जायचं, नाहीतर सरळ खणात ठेवून मोकळं व्हायचं.

झेंडा वाचणं आणि टेबलचा पॉइंटर वाचणं, या दोहोंच्या मध्ये एक रीड बॅरिअर आहे: आधीचं वाचन आधी, नंतरचं नंतर. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) त्याची एकही इन्स्ट्रक्शन बनत नाही, फक्त कंपायलरला बंधन पडतं. एआरएमवर मात्र डीएमबी नावाची खरीखुरी बॅरिअर इन्स्ट्रक्शन बसते, तीही फाइल किंवा सॉकेट उघडण्याच्या प्रत्येक वेळी. कुठे किती वेळ जातो ते दाखवणाऱ्या प्रोफाइलमध्ये ती मला सारखी खुपत होती.

माझा युक्तिवाद मला पक्का वाटत होता. टेबल वाढवणारा थ्रेड आधी झेंडा चढवतो. मग आरसीयू या कर्नलमधल्या सोयीच्या मदतीने, आधीच आत शिरलेले सगळे थ्रेड बाहेर पडेपर्यंत थांबतो, आणि त्यानंतरच खण उतरवून घेतो. म्हणजे जुने लोक बाहेर पडलेले, नव्यांना झेंडा दिसणारच. शिवाय मध्ये झेंडा तपासणारा 'इफ' आहेच. मग बॅरिअर कशाला? मी ओळ काढली, एआरएम मशीनवर अनेक थ्रेडना फाइली उघडायला-मिटायला लावलं. दुपारपर्यंत एकही चूक नाही.

आमच्या लीडनी पॅच वाचला आणि एवढंच विचारलं, "अगं, झेंडा चढतानाचं सगळं लिहिलंयस. उतरताना काय?"

मी कागद घेतला. टेबल वाढवणारा आरसीयूसाठी थांबू लागल्यानंतर एक थ्रेड आत आला, असं धरलं. त्याच्या प्रोसेसरने टेबलचा पॉइंटर आधीच वाचून ठेवला, तो जुना. तेवढ्यात तिकडे खण उतरवून झाले, नवं टेबल जाहीर झालं, झेंडा उतरला. आता हा थ्रेड झेंडा वाचतो, तर तो खाली! निर्धास्तपणे तो आपली फाइल जुन्या टेबलात ठेवतो. 'इफ' मुळे पुढचं लिहिणं थांबतं, पुढचं वाचणं थांबत नाही. हा नियम मला पाठ होता, तरी इथे लावून पाहायचं सुचलं नव्हतं.

कर्नलच्या सोर्समध्ये २०१८ पासून मेमरी मॉडेल आहे, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचे कोणते क्रम शक्य आहेत याचे नियम. त्याच्यासाठी लिटमस टेस्ट, म्हणजे एवढाच प्रसंग मांडणारा छोटा प्रोग्राम, लिहिली आणि असे सगळे शक्य क्रम तपासणाऱ्या हर्ड७ वर चालवली. बॅरिअर असताना उत्तर आलं 'नेव्हर', काढल्यावर 'समटाइम्स'. तो शब्द पाहून माझ्या पोटात गोळा आला. प्रोग्रामच्या बाजूने विचार करा: ओपन यशस्वी, हातात आकडाही आला, आणि पुढच्याच ओळीत रीड म्हणतं, 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर'. तेही फक्त एआरएमवर, फक्त अनेक थ्रेड असताना, कधीतरीच. असा बग शोधायला कुणाचे किती महिने गेले असते!

आणि माझी ती चाचणी? टेबल वाढतं, पण पुन्हा लहान होत नाही. एका प्रोसेसच्या आयुष्यात ही गफलत होण्याची संधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझे थ्रेड तासन् तास पळत होते ते टेबल वाढून झाल्यावर. मी जवळजवळ काहीच तपासलं नव्हतं.

याच फाइलमध्ये २०२२ साली उलट दुरुस्ती झाली होती. डिस्क्रिप्टरवरून फाइल शोधताना जिथे साधं वाचन होतं, तिथे अक्वायर (नंतरची वाचनं आधी होऊ न देणारं वाचन) घालावं लागलं, कारण एआरएमवर वाचनांचा क्रम बदलू शकत होता. हे मला माहीत होतं. तरी मी फक्त काढण्याच्या नजरेने बघत होते.

दुसरं ठिकाण सोपं निघालं. फोर्क होताना, म्हणजे एका प्रोसेसमधून नवी प्रोसेस जन्मताना, त्या मुलासाठी टेबलची प्रत बनते, आणि कर्नलच्या आमच्या शाखेत तिच्या प्रत्येक खणात पॉइंटर ठेवताना रिलीज स्टोअर (आधीचं सगळं पूर्ण झाल्यावरच होणारं लिहिणं) होत होतं. हजार फाइली उघड्या असतील तर हजार वेळा. पण ती प्रत तोवर कुणालाच दिसत नसते, त्या फाइली आधीच जगजाहीर असतात, आणि शेवटी टेबलचा पॉइंटर बसवताना एक रिलीज होतंच. तेवढं पुरतं. इथे लिटमस टेस्ट आधी लिहिली, ओळ नंतर बदलली.

एफडी-इन्स्टॉलमधल्या बॅरिअरवर आधीपासून एक टिपण होतं: टेबल वाढवणाऱ्या फंक्शनमधल्या राइट बॅरिअरची ही जोडी. सकाळी मी ते वाचूनही पुढे गेले होते. त्याच्याखाली मी दोन ओळी वाढवल्या: झेंडा चढताना आरसीयू सांभाळतं, झेंडा उतरताना सांभाळणारी ही एकच ओळ आहे.